छपरावरची तीन फूट जागा

१ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दोन सुधारित नियमावल्या एकाच दिवशी अमलात आल्या. त्यांपैकी ऊर्जाविषयक नियमावलीने नव्याने बांधल्या जाणाऱ्या घरांवर सौर पॅनेल बसवणे बंधनकारक केले. अमेरिकेतील एखाद्या राज्याने असा सरसकट नियम करण्याची ती पहिलीच वेळ असल्याने त्याची चर्चा सर्वदूर झाली. त्याच दिवशी लागू झालेल्या अग्निसुरक्षा नियमावलीकडे मात्र बांधकाम व्यावसायिक आणि नकाशे तपासणारे अधिकारी यांच्याखेरीज फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. याच घरांच्या छपराचा काही भाग पॅनेलांवाचून मोकळा राहिला पाहिजे, असे त्या नियमावलीने बजावले होते. एका हाताने पॅनेल बसवा म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने जागा काढून घ्यायची, असा हा प्रकार वरकरणी दिसतो. मोठ्या घराला त्याची झळ लागत नाही. छप्पर दोन-अडीच हजार चौरस फुटांचे असेल तर त्यातला शंभर-दीडशे फुटांचा पट्टा गेला काय आणि राहिला काय! घर लहान असेल तर मात्र हाच पट्टा निर्णायक ठरतो. घर आकसले म्हणून पट्ट्याची रुंदी आकसत नाही.

हा पट्टा मागितला तो अग्निशमन दलाने. त्यामागचे कारण समजण्यासाठी तिकडच्या घरांची रचना ध्यानात घ्यायला हवी. अमेरिकेतील बहुतांश लहान घरे लाकडी सांगाड्याची असतात. वर उतरते छप्पर, त्यावर प्लायवूडसारख्या फळ्या आणि त्यांवर डांबरी शिंगल्स. आपल्याकडच्या कौलारू घराची परिभाषा वापरायची तर मधोमध आढे, दोन्ही बाजूंना उतरती पाखी आणि खाली वळचण. अशा घराला आग लागली, की धूर आणि तप्त वायू वर चढतात, माळ्यावर कोंडतात आणि तेथून पुन्हा खाली दाबले जातात. आतल्या माणसाला दिसेनासे होते, श्वास कोंडतो आणि काही वेळाने खोलीतले सारे एकदम पेट घेते. म्हणून जवानांची एक तुकडी शिडी लावून छपरावर चढते आणि आढ्याजवळ, म्हणजे सर्वांत उंच जागी, यांत्रिक करवतीने चार फूट बाय चार फूट किंवा त्याहून मोठे भोक पाडते. धूर वर निघून जातो आणि खालच्या तुकडीला आत शिरता येते. हे भोक पाडण्यासाठी आढ्याजवळ मोकळी जागा लागते आणि वळचणीपासून तेथवर चढून जाण्यासाठी वाट लागते. छप्पर पायाखाली खचू लागले तर त्याच वाटेने परत फिरायचे असते. पॅनेलांची काच ओली असेल तर तिच्यावर पाय ठरत नाही आणि करवत तर तिच्यावर चालवताच येत नाही. संपूर्ण पाखे पॅनेलांनी झाकले, की जवानाच्या दृष्टीने ते छप्पर नाहीसेच होते.

कॅलिफोर्नियाच्या अग्निशमन महासंचालकांच्या कार्यालयाने स्थानिक अग्निशमन दले आणि सौर उद्योग यांच्याशी चर्चा करून २००८ मध्ये एक मार्गदर्शिका काढली. राज्यात छतावरील सौरऊर्जेचा प्रसार तेव्हा वेगाने होऊ लागला होता आणि प्रत्येक गावचा अग्निशमन अधिकारी आपापल्या समजुतीप्रमाणे अटी घालत होता. त्या गोंधळाला काही शिस्त लावावी, हा मार्गदर्शिकेचा हेतू. तिने सांगितले ते थोडक्यात असे: आढ्यापासून खाली तीन फुटांपर्यंत पॅनेल नको, आणि साध्या दुपाखी छपरावर ज्या पाख्यावर पॅनेल आहेत, त्यावर वळचणीपासून आढ्यापर्यंत तीन-तीन फुटांच्या दोन वाटा मोकळ्या हव्यात. ही मार्गदर्शिका म्हणजे कायदा नव्हता. परंतु २०१२ च्या ‘इंटरनॅशनल फायर कोड’मध्ये जवळपास हीच मोजमापे उतरली. या संहितेचे नाव आंतरराष्ट्रीय असले तरी तिचा वापर मुख्यत्वे अमेरिकेतच होतो आणि अनेक राज्ये व नगरपालिका ती थोड्याफार फरकाने स्वीकारतात. कॅलिफोर्नियात या तरतुदी २०१४ च्या आरंभापासून राज्यव्यापी नियम म्हणून लागू झाल्या.

तीन फूट म्हणजे काही फार नव्हे, असे कोणालाही वाटेल. म्हणून एका लहान घराचा हिशेब मांडून पाहणे उपयोगाचे ठरेल. समजा, आढ्याची लांबी ३२ फूट आहे आणि आढ्यापासून वळचणीपर्यंत पाख्याची उतरती लांबी १२ फूट. दोन्ही पाखी मिळून ७६८ चौरस फूट. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडचे पाखेच खरे कामाचे, म्हणजे हाताशी उरले ३८४ चौरस फूट. घरांवर सध्या सर्रास बसवले जाणारे ४०० वॅटचे एक पॅनेल साधारण १,७२२ मिलिमीटर लांब आणि १,१३४ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे सुमारे २१ चौरस फूट. कोणताही नियम नसता तर या पाख्यावर आठ-आठ पॅनेलांच्या दोन उभ्या रांगा, एकूण १६ पॅनेल बसतात. क्षमता ६.४ किलोवॅट. आता वरून तीन फूट आणि दोन्ही कडांना तीन-तीन फूट सोडले, तर उरते २६ फूट बाय ९ फूट, म्हणजे २३४ चौरस फूट. जागा गेली ३९ टक्के. पॅनेल किती गेली? नऊ फुटांत उभ्या पॅनेलांच्या दोन रांगा मावत नाहीत. एक उभी आणि एक आडवी असे केले तरी काही इंच कमी पडतात. शेवटी पॅनेल आडवी घालून चार-चारच्या दोन रांगा कराव्या लागतात. आठ पॅनेल, ३.२ किलोवॅट. ३९ टक्के जागेच्या मोबदल्यात निम्मी वीज गेली.

कापड बेतावे तसे पॅनेल बेतता येत नाही. ते अखंडच बसवावे लागते, आणि त्यामुळे मोकळ्या सोडलेल्या पट्ट्याखेरीज त्याच्या अलीकडची आणखी काही जागाही वाया जाते. मोठ्या छपरावर हा अपव्यय किरकोळ असतो. लहान छपरावर चार इंचांनी एक अख्खी रांग रद्द होते. त्यात मधोमध धुराडे असेल, माळ्याची खिडकी असेल, स्वयंपाकघराच्या वायुवीजनाचा नळ बाहेर काढलेला असेल, तर उरलेली जागाही तुकड्यातुकड्यांत विभागली जाते. कॅलिफोर्नियासारख्या उन्हाळी प्रदेशात दक्षिणाभिमुख पाख्यावरील एक किलोवॅट क्षमतेपासून वर्षाला ढोबळमानाने दीड हजार युनिट वीज मिळते, असे धरले जाते. त्या हिशेबाने १६ पॅनेलांचे घर वर्षाला साडेनऊ हजार युनिटच्या आसपास वीज निर्माण करील आणि आठ पॅनेलांचे घर पाच हजारांच्या आतच थांबेल. मंजुरीचे शुल्क, कामगारांची मजुरी, इन्व्हर्टर आणि जोडणी यांचा खर्च मात्र निम्मा होत नाही. त्यामुळे लहान घराला प्रत्येक किलोवॅट महाग पडतो आणि अनेकदा प्रकल्पच गुंडाळला जातो. मोकळ्या वाटांचा नियम सर्वांना सारखा असला, तरी त्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, ही त्यातली खरी अडचण आहे.

मग नियम चुकीचा होता काय? तसे म्हणणे घाईचे ठरेल. छपरावर चढणाऱ्या जवानाला केवळ जागेचीच अडचण नव्हती, त्याला विजेचेही भय होते आणि ते भय निराधार नव्हते. नेहमीच्या घरात मुख्य स्विच बंद केला, की वीज गेली, असे गृहीत धरून काम करता येते. सौर पॅनेलांच्या बाबतीत मुख्य स्विच बंद केल्याने इन्व्हर्टर थांबतो, परंतु पॅनेल उन्हात आहेत तोवर त्यांच्यापासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत एकदिश दाब कायम राहतो. एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलांच्या मालिकेत हा दाब काहीशे व्होल्ट असतो. अमेरिकेतील घरांसाठी त्याची कमाल मर्यादा ६०० व्होल्टची आहे. ‘अंडररायटर्स लॅबोरेटरीज’ अर्थात यूएल या चाचणी संस्थेने २०११ मध्ये या विषयावर केलेल्या प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातले निष्कर्ष अस्वस्थ करणारे होते. पॅनेल आगीत होरपळून मोडकळीस आले तरी त्याचे शाबूत भाग वीज देत राहतात. रात्रीच्या वेळी अग्निशमन दलाच्या प्रखर दिव्यांच्या किंवा शेजारच्या ज्वाळांच्या उजेडातही धोकादायक प्रवाह निर्माण होऊ शकतो. पॅनेलांवर ताडपत्री टाकावी, असा तोवर रूढ असलेला सल्लाही सर्वच ताडपत्र्यांना लागू पडत नव्हता. पातळ किंवा फिक्या रंगाच्या कापडातून पुरेसा प्रकाश आत झिरपत होता.

या भीतीला दृश्यरूप मिळाले ते १ सप्टेंबर २०१३ रोजी. न्यू जर्सीतील डेलॅन्को येथे ‘डिट्झ अँड वॉटसन’ या मांसपदार्थ कंपनीच्या शीतगोदामाला आग लागली. छपरावर सात हजारांहून अधिक पॅनेल होती. जवानांना छपरावर पाठवता आले नाही आणि गोदाम भस्मसात झाले. वास्तविक गोदामाचे अवाढव्य सपाट छप्पर आणि चौघांच्या कुटुंबाचे दुपाखी घर यांत काहीही साम्य नाही. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे घरगुती पॅनेलांसंबंधीच्या चर्चेत डेलॅन्कोचा दाखला दिला जात असे. मोठ्या दुर्घटनेचे चित्र मनावर ठसले, की ते लहान प्रश्नावरही आपली सावली टाकते, याचे हे एक उदाहरण.

विजेच्या भयावर उपाय निघाला तो विद्युत संहितेतून. अमेरिकेच्या ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ने २०१४ मध्ये ‘रॅपिड शटडाऊन’ची अट आणली. एक कळ दाबताच पॅनेलांच्या समूहाबाहेरील तारांमधला दाब दहा सेकंदांत ३० व्होल्टपर्यंत उतरला पाहिजे, अशी ती अट होती. तीत समूहाच्या आतल्या तारा मोकळ्याच राहत होत्या. २०१७ च्या आवृत्तीने ती उणीव दूर केली. समूहाच्या आतला दाबही अर्ध्या मिनिटात ८० व्होल्टपर्यंत खाली यावा, ही तरतूद तीत करण्यात आली आणि ती २०१९ च्या आरंभापासून अमलात आली. त्यासाठी प्रत्येक पॅनेलमागे एक छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवावे लागते. खर्च वाढतो, शिवाय छपरावर जितकी उपकरणे आणि जोड अधिक, तितक्या बिघाडाच्या जागाही अधिक, अशी तक्रार काही अभियंते करतात आणि ती अगदीच दुर्लक्षिण्यासारखी नाही. सदोष किंवा नीट न बसवलेले जोड हे सौर यंत्रणेतील आगीचे नेहमीचे कारण मानले जाते. परंतु जवानाच्या बाजूने पाहता परिस्थिती निश्चित सुधारली.

विजेचा प्रश्न आटोक्यात आल्यावर जागेच्या नियमाचाही फेरविचार झाला. २०१८ च्या अग्निसंहितेत प्रथमच प्रमाणाची भाषा आली. पॅनेलांनी एकूण छपराच्या ३३ टक्क्यांहून अधिक क्षेत्र व्यापले नसेल, तर आढ्याच्या दोन्ही बाजूंना तीन फुटांऐवजी दीडच फूट मोकळे ठेवले तरी चालेल. त्याहून अधिक क्षेत्र व्यापले असेल तर मात्र तीन फूट. घरात स्वयंचलित पाण्याचे फवारे असतील तर ही मर्यादा ६६ टक्क्यांपर्यंत वाढते. वाटांचा नियमही सैलावला. घराला वेगवेगळ्या पाख्यांवर किमान दोन वाटा हव्यात आणि त्यांतील एक रस्त्याच्या किंवा गाडीवाटेच्या बाजूला हवी. परंतु पॅनेल असलेल्या पाख्यासाठीची वाट त्याच पाख्यावर, लगतच्या पाख्यावर किंवा दोन्हींवर मिळून असली तरी चालते. शयनगृहाच्या सुटकेच्या खिडकीखाली, म्हणजे आग लागल्यास जिच्यातून बाहेर पडायचे त्या खिडकीच्या खालच्या छपरावर, पॅनेल नकोत आणि त्या खिडकीपर्यंत तीन फुटांची वाट मोकळी हवी, ही अट त्यात आहे. कॅलिफोर्नियाने हीच संहिता आधारभूत धरून १ जानेवारी २०२० ची नियमावली केली.

वरच्या घराचा हिशेब आता पुन्हा करून पाहता येईल. आढ्याखाली दीड फूट आणि एका कडेला तीन फुटांची वाट सोडली, तर २९ फूट बाय साडेदहा फूट जागा उरते. तीत सात उभ्या पॅनेलांची एक आणि पाच आडव्या पॅनेलांची एक अशा रांगा बसतात. एकूण १२ पॅनेल, २५२ चौरस फूट. दोन्ही पाख्यांच्या ७६८ चौरस फुटांचे ३३ टक्के म्हणजे सुमारे २५३. अगदी काठावर, पण नियमात. क्षमता ४.८ किलोवॅट. सोळाचे आठ झाले होते, त्यांतले चार परत मिळाले. नियमातील या फरकाने छपराच्या क्षमतेत दीडपट वाढ झाली, ही गोष्ट नियम करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या सवलतींचे वाटप मात्र विषमच राहिले. पाण्याच्या फवाऱ्यांची सवलत घेऊन पाहू. कॅलिफोर्नियात २०११ पासून नव्या घरांना असे फवारे बसवणे सक्तीचे आहे. त्यामुळे नवी, बहुधा मोठी आणि महाग घरे आपोआप ६६ टक्क्यांच्या रांगेत जाऊन बसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेल्या लहान घरांत फवारे नाहीत आणि केवळ पॅनेलांसाठी ते बसवणे परवडणारे नाही. ज्यांचे विजेचे बिल त्यांच्या मिळकतीच्या मानाने मोठे, त्यांनाच ३३ टक्क्यांची मर्यादा लागू, असे त्याचे फलित आहे. घराच्या मागच्या अंगणात उभ्या राहणाऱ्या छोट्या स्वतंत्र निवासांची गोष्ट आणखी गमतीची. घरटंचाईमुळे राज्य सरकारनेच अशा निवासांना प्रोत्साहन दिले. अंगणात वेगळे गॅरेज असेल तर त्याच्या छपराला मोकळ्या वाटांचा नियम लागू होत नाही, कारण तेथे कोणी राहत नाही. त्याच जागी राहण्याचा निवास बांधला, की नियम लागू. नव्याने बांधलेल्या स्वतंत्र निवासाला पॅनेलांची सक्तीही लागू होते. छप्पर इतके चिमुकले, की दोन्ही नियम एकदम पाळणे दुरापास्त. यातून वाट काढण्यासाठी २०२३ च्या आरंभी लागू झालेल्या ऊर्जा नियमावलीने ठरवले, की ऊन मिळणारी आणि इतर नियमांनी अडवलेली नसलेली सलग जागा ८० चौरस फुटांहून कमी असेल, तर पॅनेलांची सक्ती नाही. आवश्यक यंत्रणेची क्षमता १.८ किलोवॅटहून कमी भरत असेल तरीही नाही. सक्ती गेली, तशी त्या घराची स्वतःची वीजही गेली.

संहितेत आणखी एक अपवाद आहे आणि तो बहुतेक घरमालकांना ठाऊक नसतो. या ठिकाणी छपरावर चढून आग विझवण्याची पद्धत वापरली जाणार नाही, असे स्थानिक अग्निशमन अधिकाऱ्याने ठरवले, तर मोकळ्या वाटांची अट तो माफ करू शकतो. हा अपवाद पूर्वी कागदावरचा वाटत असे. पण छपराला भोक पाडण्याच्या रूढ पद्धतीविषयीच गेल्या दीड दशकात प्रश्न उपस्थित झाले आहेत. यूएलचे अभियंते स्टीव्ह कर्बर यांनी २०१० मध्ये आणि त्यानंतर केलेल्या प्रयोगांतून दिसले, की आजच्या घरातील आग जुन्या आगीसारखी वागत नाही. कापूस, लाकूड यांचे सामान असलेल्या जुन्या खोलीला सर्वत्र पेट घेण्यास अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. फोमचे सोफे आणि कृत्रिम धाग्यांचे पडदे असलेली आजची खोली चार-पाच मिनिटांतच पेटली. अशी आग आतला प्राणवायू झटपट संपवते आणि हवेसाठी टपून बसते. पाणी मारण्यापूर्वी छपराला भोक पाडले तर तिला आयती हवा मिळते आणि ती उसळते. भोक पाडूच नये, असा याचा अर्थ नाही. आधी पाणी, मग भोक, असा क्रम त्यातून सुचवला जातो. अनेक दलांनी आपल्या प्रशिक्षणात तसा बदलही केला आहे. पण पद्धत बदलत असेल तर त्या पद्धतीसाठी राखलेली जागाही बदलायला हवी, हा मुद्दा सौर उद्योगाने मांडला तर स्वार्थ वाटतो आणि अग्निशमन दलाकडून तो सहजासहजी मांडला जात नाही. शेवटी छपरावर जाणारा माणूस त्यांचा असतो. आत कोणी अडकले असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर त्याला त्या रात्री वर चढावेच लागेल.

सपाट छपरांच्या शहरात हाच पेच वेगळ्या रूपात उभा राहतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एकमेकांना खेटून उभी असलेली जुनी घरे साधारण वीस फूट रुंद असतात. तेथील अग्निसंहिता सपाट छपरावर पुढून मागेपर्यंत सहा फुटांची मोकळी वाट मागते. वीस फुटांतून सहा गेले, शिवाय जिन्याचे दार, छपरातले झरोके आणि धुराडी. उरलेल्या जागेत फार तर मूठभर पॅनेल मावतात. तेथे लोकांनी शोधलेली युक्ती अशी, की पॅनेल छपराला टेकवायचीच नाहीत. पोलादी खांबांवर नऊ फुटांहून उंच मांडव उभारायचा आणि जवानांनी त्याच्या खालून जायचे. मांडवाचा खर्च जास्त, पण वीज दुप्पट-तिप्पट मिळते आणि खाली बसायला सावलीही होते.

जर्मनीतील रांगेतल्या घरांना अडचण आली ती जवानाच्या वाटेमुळे नव्हे, शेजाऱ्याच्या भिंतीमुळे. दोन घरांमधील सामाईक भिंत ही तेथे अग्निरोधक भिंत असते. एका घराची आग छपरावरून शेजारी जाऊ नये म्हणून ज्वलनशील बांधकाम तिच्यापासून सव्वा मीटर दूर ठेवण्याचा जुना दंडक होता आणि तो सौर पॅनेलांनाही लावला गेला. रांगेतले मधले घर सहा मीटर रुंद असेल तर दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा मीटर सोडून साडेतीन मीटर उरतात. पाच उभ्या पॅनेलांच्या जागी तीनच मावतात. शेजारच्यानेही तेवढेच अंतर सोडायचे असल्याने दोन घरांच्या पॅनेलांमध्ये अडीच मीटरचा रिकामा पट्टा पडून राहतो. युक्रेन युद्धानंतर विजेचे आणि वायूचे दर भडकले, तेव्हा या नियमाविरुद्धची ओरड वाढली. बाडेन-व्युर्टेम्बर्ग, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया यांसारख्या राज्यांनी २०२३-२४ मध्ये छपराला समांतर बसवलेल्या पॅनेलांसाठी हे अंतर बरेच सैल केले. पॅनेलची वरची आणि खालची बाजू काचेची असेल तर ती पेटण्यासारखी नसते, हा युक्तिवाद तेथे कामी आला.

महाराष्ट्रातील शहरी वाचकाला यातला आढ्याचा नियम परका वाटेल. आपल्याकडच्या बंगल्यावर किंवा गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीवर सिमेंट काँक्रीटचा स्लॅब असतो. त्याला करवतीने भोक पाडण्याचा प्रश्नच येत नाही. गच्चीचे महत्त्व येथे वेगळ्या कारणाने आहे. जिना धुराने भरला तर वरच्या मजल्यावरची माणसे गच्चीकडे धावतात. पाण्याची टाकी, तिचे व्हॉल्व्ह आणि विजेपासून संरक्षण करणारी तार हे सारे तेथेच असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत वीज’ योजनेने देशात एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेस ७८ हजार रुपयांचे अनुदान देऊ केले. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, असा ठोकताळा आहे. म्हणजे तीन किलोवॅटला तीनशे. सहाशे फुटांच्या गच्चीवर टाकी, जिन्याची खोली आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या यांच्यात ती जागा काढताना सर्वांत आधी बळी जातो तो मोकळ्या वाटेचा.

पुण्यात आणि इतरत्र अनेक बंगल्यांवर पॅनेल सात-आठ फूट उंच लोखंडी सांगाड्यावर बसवण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती घरमालकांनी गच्ची वापरता यावी म्हणून स्वीकारली. अग्निसुरक्षेच्या दृष्टीने ती ब्रुकलिनच्या मांडवासारखीच उपयोगी आहे, हा योगायोगाचा लाभ. मात्र सांगाड्याचे पाय जिन्याच्या दारासमोर येणार नाहीत, टाकीपर्यंत माणूस न वाकता जाऊ शकेल आणि पॅनेलांकडून इन्व्हर्टरकडे येणाऱ्या तारा जिन्याच्या पोकळीतून न आणता बाहेरच्या भिंतीवरून नळीतून उतरवल्या जातील, एवढे नकाशा काढतानाच ठरवून घ्यावे लागते. एकदा सांगाड्याचे पाय स्लॅबवर काँक्रीटमध्ये बसले, की ते सरकवण्याचा खर्च कोणी करत नाही. मुख्य स्विच बंद केल्यावरही गच्चीवरून इन्व्हर्टरपर्यंतची तार दिवसा जिवंत असते, ही गोष्ट येथेही तितकीच खरी आहे. एकदिश प्रवाह तोडणारा स्विच नेमका कोठे आहे, हे दाखवणारी पाटी मीटरच्या पेटीजवळ मराठीत लावली, तर रात्री-अपरात्री येणाऱ्या अग्निशमन दलाच्या जवानाला तो शोधत बसावे लागणार नाही. तिला खर्च काही फार येत नाही. पॅनेल बसवणाऱ्या कंत्राटदाराकडून ती काम पूर्ण होण्यापूर्वी मागून घ्यावी.